फरशीखालची माती

आमच्या बाबांचा तसा कुणावरच फारसा विश्वास नव्हता. डॉक्टरवर नव्हता, रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांवर नव्हता, माझ्या नोकरीवर तर मुळीच नव्हता. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, आणि ती म्हणजे कालव्याखालच्या आमच्या मोठ्या बांधीतली माती. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं धानाचं शेत. आमच्या दहा-बारा लहानमोठ्या बांध्यांत ही सर्वांत मोठी आणि बाबांची सर्वांत लाडकी. लहानपणी गुडघा फुटला की बाबा तिथलीच चिमूटभर माती जखमेवर दाबायचे आणि जखम भरली की श्रेय मातीला द्यायचे. जखमा आपोआपही भरतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. माती काळी, चिकट, कन्हार. एका पावसाने लोण्यासारखी होणारी आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाईल अशी. धान मात्र असं यायचं की तिरोड्याच्या बाजारात व्यापारी आमचं पोतं वेगळं ठेवत, असं बाबा सांगायचे. मी ते पोतं कधी वेगळं ठेवलेलं पाहिलं नाही, पण बाबांच्या बोलण्यात ते कायम वेगळंच असे.

घरात टाइल बसवायचं ठरलं तेव्हा हा विश्वास घरात शिरला. तोही ट्रॉलीत भरून.

टाइलचा विचार मुळात मायचा. आमचं घर तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाताना लागणाऱ्या गावात. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर आणि खाली सारवलेली जमीन. स्वयंपाकाच्या खोलीत तेवढा एक ओटा बांधून गॅस आणला होता, म्हणजे मायला उभ्याने रांधता येई. पण जमीन काही उभ्याने सारवता येत नाही. दर दोन-चार दिवसांनी शेणाचं घमेलं घेऊन माय बसायची आणि मागे सरकत सरकत बैठकीपासून दारापर्यंत यायची. मी तेव्हा गोंदियात एका शाळेत शिकवायची आणि सुटीला घरी यायची. अशाच एका सुटीत मी पाहिलं की सारवून झाल्यावर माय उठली नाही. दोन्ही हात टेकून ती खांबापर्यंत रांगत गेली, खांबाला मिठी मारली आणि हळूहळू वर आली. वर आल्यावर तिला मी दिसले.

"बाबाले सांगशील तं पाह्य," ती म्हणाली.

"काऊन नाही सांगायचं?"

"सांगून काय होते? दवाखान्यात नेतील. डॉक्टर म्हनल, खाली बसू नका. तेवढं मले बी समजते."

मी घमेलं उचलून विहिरीवर धुवायला नेलं. मी दिवसभर मुलांना उत्तरं सुचवते, घरी मात्र माझी ही गत.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही मुर्रीला मामाकडे गेलो. मामाने घरभर टाइल लावल्या होत्या. मामी एका हाताने मोबाइल कानाला लावून बोलत होती आणि दुसऱ्या हाताने काठीचा पोछा फिरवत होती. उभ्या उभ्या. बोलणं संपायच्या आत खोली संपली. माय तो सगळा वेळ भिंतीला टेकून बघत राहिली. मामीला वाटलं, नणंदबाईंना टाइलचा रंग आवडला. परतताना एसटीत माय म्हणाली, "आपन बी टाइल लावू." बाबांना वाटलं, भावाचं पाहून बायकोला हौस आली. सगळ्यांना काही ना काही वाटलं. मायला काय पाहिजे होतं ते फक्त मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. तिला गुडघे पूर्ण निकामी होण्याआधी उभ्याने साफ करता येईल अशी एक जमीन पाहिजे होती.

बाबा हौसेला नाही म्हणणारे नव्हते. गोंदियाला जाऊन टाइल आणल्या. दुकानात प्रत्येक टाइल बोटांनी वाजवून, कानाशी धरून पाहिली. दुकानदाराने विचारलं, "काका, गाना सुनाई दे रहा है क्या?" बाबांनी आणखी चार टाइल वाजवल्या, पण घेतल्या त्याच टाइल, ज्या त्याने पहिल्यांदा दाखवल्या होत्या.

मिस्त्री मिळणं अवघड होतं. तिरोड्याला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि आसपासचे सगळे मिस्त्री तिकडे लागले होते. आम्हाला एक मिळाला तोही तिकडचाच, सुटीच्या दिवशी बाहेरची कामं करणारा. गोंदियाचा होता, त्यामुळे हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात घेऊन चालायचा. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा असायचा, म्हणून प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागे. मोटारसायकल अंगणात उभी करून तो आत आला, टाचेने जमीन ठोकली आणि म्हणाला, "टाइल ऊपर से दिखती है काका, पर टिकती नीचे से है." हे तो प्रत्येक घरी म्हणत असावा, कारण म्हणून झाल्यावर तो थोडा थांबला, कौतुकासाठी. आम्ही कुणी कौतुक केलं नाही. मग त्याने काम सांगितलं. जुनी जमीन हातभर खोदून काढायची. मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचं, पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मग तो येऊन बोल्डर आणि गिट्टी-सिमेंटचा कोबा टाकील आणि त्यावर टाइल.

"तुमी भराव तयार ठेवा, तोवर मी येतो," असं म्हणून तो गेला. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही भोळे, विचारलं नाही.

बाबांनी दोन गडी लावून एका दमात सगळं घर खोदून काढलं. एक खोली आधी, एक नंतर, असं करू या, असं मी म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "अर्धी बांधी चिखलून कोनी रोवणी करते काय?" सामान गोठ्याच्या पडवीत गेलं, आम्ही पडवीत गेलो, आणि मायचा गॅस ठेवायला जागा नव्हती म्हणून तिची चूल जमिनीवर मांडली गेली. जमीन खोदली जात होती तेव्हा शेजारची काकू मायचं सांत्वन करायला आली. लग्न होऊन आल्यापासून माय ती जमीन सारवत होती, तिचे पापुद्रे निघताना माय रडत असेल असा तिचा अंदाज. "एवढ्या वर्सांची जमीन, जीव तुटत असंल ना वो?" काकू म्हणाली.

"कायले तुटते?" माय म्हणाली. "माही कंबर तुटत होती तवा तं कोनी आलं नाई पाहाले."

काकू चहा घेऊन गेली.

आता मुरूम. आमच्या गावामागे टेकडीचा उतार आहे, तिथला लाल मुरूम सगळं गाव नेतं. बाबाही ट्रॅक्टर घेऊन गेले. मीही बरोबर होते. त्यांनी मूठभर मुरूम घेतला, चोळला, वास घेतला आणि खाली टाकला.

"ह्याच्यात तं गवत बी उगवत नाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, घरात गवत उगवायचं आहे काय आपल्याला?"

"तुले नाई समजनार. मेलेली माती हाये हे. असल्या मातीवर आपन झोपाचं, बसाचं, देव मांडाचे?"

आणि त्यांनी ट्रॅक्टर वळवला तो थेट मोठ्या बांधीकडे. जगात ज्या मातीवर त्यांचा जीव होता, ती त्यांनी आमच्या पायाखाली घालायला काढली. आज वाटतं, इतकं प्रेम दुसऱ्या कुणी आमच्यावर केलं नसेल. पण तेव्हा मला फक्त वैताग आला होता. मायने दारातच अडवलं. "मिस्त्री मुरूम म्हने ना?"

"मिस्त्रीले मातीतलं काय समजते? तो सिमेटातला मानूस."

ट्रॉलीमागून ट्रॉली घरात रिकामी होत गेली. गावात कुणी विचारलं तर बाबा सांगत, "बांधीतली हाये, कालव्याखालची," आणि विचारणारा काही न बोलता पुढे जाई. आमच्याकडे एखाद्याच्या घरात तोंड घालायचं नसलं की लोक असेच पुढे जातात, आणि चौकात गेल्यावर बोलतात.

पुढचं काम म्हणजे पाणी मारणं. मिस्त्रीच्या लेखी पाणी मारणं म्हणजे नळीने शिंपडणं. बाबांच्या लेखी पाणी म्हणजे बांधी भरणं. त्यांनी बैठकीच्या उंबऱ्याशी मातीचा धुरा घातला, स्वयंपाकखोलीच्या दाराशी दुसरा, विहिरीवरच्या मोटरचा पाइप खिडकीतून आत सोडला आणि आमचं घर भरलं. मग धोतर खोचून, अनवाणी, चिखल सपाट करायचा लाकडी पाटा घेऊन आत उतरले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिखल सारखा करत फिरले. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी शेतात करतात तसंच. फरक इतकाच की मधूनमधून त्यांचं डोकं खुंटीला लागत होतं.

खरं सांगायचं तर ते दृश्य देखणं होतं. पाणी स्थिर झालं तेव्हा बैठकीत कवेलूंचं पूर्ण उलटं प्रतिबिंब पडलं होतं. चारही कोपऱ्यांत पाणी एकाच रेषेला. बाबांनी मला हाक मारून दाखवलं. "पाह्य. कोन्या मिस्त्रीच्या बापाले जमल काय असं लेवल?" नाही जमलं असतं. मला कबूल करावं लागलं. भिंतीवरच्या फोटोतले आजोबासुद्धा पाण्यात अगदी सरळ दिसत होते.

मिस्त्री आला नाही. वीज केंद्रावर ओव्हरटाइम लागला होता म्हणे. पाणी मुरायला आठवडा गेला, वरून भेगा पडल्या, भेगांखाली चिखल तसाच ओला. माय गोठ्यात चुलीपुढे बसून भात शिजवत होती आणि प्रत्येक वेळी उठताना गाईच्या खुंट्याला धरत होती. गाय आधी दचकायची, नंतर तिलाही सवय झाली. बाबा त्या वेळी नेमके बाहेर असत. माय तशी वेळच साधायची. ते अंगणात आले की ती उभी असे नाहीतर आधीच बसलेली असे. या दोन्हींच्या मधली माय त्यांनी कधी पाहिलीच नाही. मी रात्री तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि ती म्हणायची, "होते गं बाई, टाइल लागली की सगळं होते." आता होईल, मग होईल, असं करत उन्हाळा उतरत चालला होता. पाऊस लागला की बाबा शेतात जाणार आणि मिस्त्री तर काय, आधीच हवेत.

एका सकाळी बाबा बैठकीचं दार उघडून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावले. ते उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर, भेगांमधून, भिंतींच्या कडेने, देव्हाऱ्याच्या जागेवरसुद्धा, हिरवे कोंब आले होते. बोटाबोटाएवढे. मागच्या हंगामात कापणीत झडलेले दाणे मातीबरोबर घरात आले होते आणि इतकं पाणी मिळाल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

आमच्या बैठकीत धान उगवलं होतं.

मी ओरडून मायला बोलावलं. माय आली, पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून दारातच हसायला लागली. मग काकू आली. मग चौकातले सगळेच आले, जे आधी न बोलता पुढे गेले होते ते. एका म्हाताऱ्या काकांनी चपला बाहेर काढल्या, वाकून एक कोंब पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "बारीक हाये का ठोकळ, गा?"

"बारीक," बाबांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं.

"उगवन चांगली हाये."

"बांधीच तशी हाये."

मी कपाळावर हात मारला. बाबांना शरम वाटेल अशी माझी कल्पना होती. छे! त्यांच्या चेहऱ्यावर मी परीक्षेत पहिली आले तेव्हासुद्धा नव्हतं एवढं तेज होतं. संध्याकाळी ते हळूच आत गेले आणि देव्हाऱ्याजवळ एका ठिकाणी कोंब दाट आले होते ते विरळ करून आले. मी पाहिलं. त्यांनी मला पाहिलं. उपटलेल्या कोंबांची मूठ त्यांनी पाठीमागे नेली.

आणि दुसऱ्याच दिवशी, इतके दिवस न आलेला मिस्त्री आला. अंगणात गाडी उभी केली, दारात आला, आणि खर्रा चघळायचा थांबला. "काका," तो म्हणाला, "टाइल लगानी है के रोवणी करनी है?"

बाबांनी त्याला समजावलं की कोंब उपटून टाकता येतील, माती वाळेल, मग ठोकून घेऊ. मिस्त्री म्हणाला, ही माती पावसात फुगणार आणि उन्हाळ्यात बसणार, हिच्यावर टाइल म्हणजे डोक्याला ताप. सगळी बाहेर काढा. बाबा म्हणाले, घरात आलेली माती बाहेर निघणार नाही. दोघांनी आवाज चढवले. पण मिस्त्रीलाही संध्याकाळी परत जायचं होतं, आणि भांडणापेक्षा काम उरकणं त्याला सोपं वाटलं. त्याने हात झटकले. "ठीक है. तुम्ही म्हणता तर वरून कोबा टाकून देतो, टाइल पण लावतो. पण पावसाळ्यानंतर उखडली तर मला बोलवायचं नाही."

"नाई बोलावत," बाबा म्हणाले. सौदा जमला. दोघेही एकदम समजूतदार झाले आणि मला भीती वाटली.

माय इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली. चिखलातून, कोंबांमधून, बैठकीच्या मधोमध गेली आणि खाली बसली. बसतानाच तिचं तोंड वाकडं झालं.

"काय करून राहिली?" बाबा म्हणाले. "चिखल हाये ना तिथं."

"टाइल उखडली का मलेच सारवा लागल ना पुन्हा? तं पाहून घ्या म्हटलं कशी सारवन." तिने हाताने जमिनीवर दोन वेढे दिले, जसे शेणाचे देतात. "आता सारवून झालं. आता मी उठते. पाहा."

तिने एक हात टेकला. उठली नाही. दोन्ही टेकले. पाय पोटाशी घेतले, वर यायला पाहिलं आणि पुन्हा बसली. मी पुढे झाले तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं. मग ती हातांवर आणि गुडघ्यांवर झाली आणि रांगत, चिखलात पदर ओढत, कोंब मोडत, दाराच्या चौकटीपर्यंत गेली. चौकट धरली. वर येताना तिच्या तोंडातून एक आवाज आला, जो इतके दिवस फक्त मी आणि गाईने ऐकला होता. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. बाबा मात्र मायकडेच बघत होते, आणि माझ्या बाबांचा चेहरा एवढा लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"कधीपासून हाये हे?" त्यांनी विचारलं.

"लई दिसांपासून."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगून काय केलं असतं?" माय म्हणाली. "आनखी एक ट्रॉली आनली असती."

मिस्त्रीला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि जिथे माय बसली होती तिथूनच माती काढायला सुरुवात केली. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. फावडं उचलायची आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी अजून एक गोष्ट केली. गोठ्यात विटा रचून कमरेएवढा ओटा बांधला आणि मायचा गॅस त्यावर ठेवला. ओटा एवढा वाकडा होता की डाळीचं पातेलं एका अंगाला सरकायचं. पाण्याने घर सपाट करणारा माणूस, पण विटांचा त्याला सराव नव्हता. मायने त्या वाकड्या ओट्यावर उभ्याने पोळ्या केल्या आणि एकदाही नाव ठेवलं नाही. मी ठेवणार होते, तिने मला लाटणं दाखवलं.

सगळी माती परत बांधीत गेली. बाबांनी ती एका धुऱ्याशी नीट पसरली. मग लाल मुरूम आला. पहिल्या घमेल्याला हात लावताना बाबांचं नाक मुरडलेलंच होतं, पण टाकला. थोडा मुरूम, वर नळीने पाणी, आणि मग धुम्मस. लाकडी दांड्याला लोखंडाचा जड ठोकळा, दोन्ही हातांनी उचलून आपटायचा. बाबा गड्यांना हात लावू देईनात. रोज अंधार पडायच्या आत मायला आत बोलवायचे. "पाय टाकून पाह्य." माय मधोमध उभी राहायची, इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं, आणि म्हणायची, "आनखी ठोका." बाबा ठोकायचे. माझा आपला अंदाज, शेवटी शेवटी ते इतकं घट्ट झालं होतं की मायला काही कळत नव्हतं, पण म्हणायला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत या घरात तिच्या सांगण्यावरून कुणी काही ठोकलं नव्हतं.

मिस्त्री आला, टाच मारून पाहिली, आणि लगेच बाह्या सरसावल्या. ही त्याची शाबासकी. बोल्डर बसले, गिट्टी-सिमेंटचा कोबा झाला. कोब्याला पाणी धरून ठेवावं लागतं, त्यासाठी वर लहान लहान बांध घालून वाफे करायचे असतात. ते काम बाबांनी कुणाला विचारलं नाही, आपणच घेतलं. एकाही वाफ्यातून थेंब सुटला नाही. मिस्त्री कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, चलो हमारे साथ प्लांट पे." बाबा म्हणाले, "माह्या पऱ्ह्यांचे दिवस हायेत." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. पण रात्री जेवताना त्यांनी मिस्त्रीचं ते वाक्य मायला सांगितलं, मला सांगितलं, आणि गाईला पाणी दाखवताना तिलाही सांगत असल्याचं मी ऐकलं.

टाइल लागल्या. फिकट बदामी रंगाच्या, ज्या दुकानदाराने पहिल्यांदा दाखवल्या होत्या. सिमेंट धरेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नव्हता, म्हणून आम्ही सगळे दारातून बघत बसायचो. बघून बघून कंटाळा आल्यावर मी शाळेच्या तयारीसाठी गोंदियाला गेले, आणि मामीकडून काठीचा पोछा घेऊन पुढच्या रविवारी परत आले.

पहिल्यांदा पूर्ण घर पुसायचा तो दिवस. बाबा सकाळीच पऱ्हे पाहायला बांधीवर गेले होते. मी म्हटलं, माय, मी पुसून देते. तिने माझ्या हातातून काठी ओढून घेतली. बादलीत पोछा बुडवला, पिळला आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आधी तिला दाब किती द्यायचा ते कळेना. मग कळलं. मग ती अशी सरसर निघाली की मीच बाजूला झाले. कंबर ताठ, मान वर. मी दाराआड उभी राहून बघत होते. आपली आई एवढी उंच आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी तिला त्या जमिनीवर काम करताना कायम वरून पाहिलं होतं.

ती अर्ध्यावर आली असेल तेवढ्यात बाबा आले. पोटरीपर्यंत चिखल. ते नेहमीसारखे सरळ आत यायला निघाले, जसे आयुष्यभर येत होते, सारवलेल्या ओल्या जमिनीवरूनसुद्धा.

"थांबा," माय म्हणाली. "ओलं हाये."

बाबा थांबले. उंबऱ्याबाहेर, एक पाय उचललेला. तो पाय त्यांनी हळूच खाली ठेवला, बाहेरच. मग अंगणातल्या रांजणाशी गेले, पाय धुतले, पुन्हा धुतले, आणि चपला हातात घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. "भूक लागली वो," ते आतल्या दिशेने म्हणाले, अगदी हळू आवाजात.

मायने पोछा पुन्हा बादलीत बुडवला. ती पुसत पुसत दारापर्यंत आली. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. टाइल चकचकीत झाल्या होत्या, बोट लावायला जागा नव्हती.

"झालं काय?" बाबांनी विचारलं.

मायने मागे वळून सगळ्या घरावर नजर फिरवली. काहीही राहिलं नव्हतं. मला दिसत होतं, बाबांना दिसत होतं, तिलाही दिसत होतं.

"आनखी एक हात मारते," ती म्हणाली, आणि काठी घेऊन पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडे निघाली. बाबा चपला हातात घेऊन बाहेर उभे राहिले.